पाक बघणारी

लोणावळ्याला येणारी माणसं गारव्यासाठी येतात आणि जाताना चिक्की घेऊन जातात. ती चिक्की ज्या पत्र्याखाली तयार होते तिथे बाराही महिने मे महिना असतो, हे त्यांना कुणी सांगत नाही, आणि सांगितलं तरी त्यांना त्याचं काय. बाहेर धुकं इतकं की समोरची रिक्षा दिसू नये, आणि आत तीन भट्ट्या धडधडत असतात. माझ्या आईनं त्या पत्र्याखाली, भट्टीसमोर, सव्वीस वर्षं काढली. शेवटी शेवटी मीही तिथे आले, पण काचेच्या केबिनमध्ये, पंख्याखाली. हा फरक आधीच सांगून ठेवते, कारण जे घडलं ते मी काचेच्या आत होते म्हणून घडलं.

आईचं काम पाक बघण्याचं. कढईत गूळ आणि थोडं पाणी घालून भट्टी लावली की सुरुवातीला बराच वेळ काहीच होत नाही. नवीन माणसाला वाटतं, आता काय, सवड आहे. गुळात पाणी आहे तोवर सगळी आच ते पाणी उडवण्यात जाते आणि पाक फारसा तापत नाही. पाणी संपत आलं की मात्र सगळी आच गुळावर येते आणि तो बघता बघता चढतो. आधी बुडबुडे मोठे आणि पातळ असतात, मग बारीक आणि जड होतात, वास बदलतो, रंग बदलतो. चिक्कीला लागतो तो पाक यातल्या एका टोकाला असतो. जरा आधी उतरवला तर चिक्की दाताला चिकटते, जरा उशीर झाला तर कडू होते. मधली वेळ विडीला काडी लावण्याइतकी.

हे मला बारावी सायन्सला असताना कळलं. आईला कधी कळलं ते तिलाही सांगता यायचं नाही. ती आंदर मावळातली, भाताच्या खाचरातून उठून लग्न होऊन लोणावळ्यात आलेली. सही करायला शिकली तीसुद्धा माझ्याबरोबर, माझ्या पाटीवर. तिच्या डाव्या हाताशी गार पाण्याचं पातेलं असायचं. अंगठा आणि शेजारचं बोट ती त्यात बुडवायची, तशाच ओल्या बोटांनी उकळत्या पाकातून चिमूट उचलायची आणि परत पाण्यात घालायची. पाण्यात तो थेंब टणक झाला आणि बोटांनी दाबल्यावर कट् करून मोडला, की ती मान हलवायची आणि कढई उतरायची. बोटावरच्या पाण्याची आधी वाफ होते, त्या वाफेचा पापुद्रा निमिषभर कातडी वाचवतो, म्हणून हे जमतं. पण निमिषभरच. दिवसातून पंचवीस-तीस वेळा, सव्वीस वर्षं, रोजच ती वेळ अचूक साधली जात नाही. कधी हात रेंगाळतो. मग पाक बोटाला चिकटतो आणि निघताना एकटा निघत नाही.

शाळेत आम्हाला शिकवलं होतं की काही पदार्थ तापले तरी मागे येतात आणि काही येत नाहीत. तूप वितळतं आणि परत गोठतं. अंडं उकडलं की उकडलं. आईच्या बोटांची कातडी दुसऱ्या प्रकारातली होती. ती आधी लाल झाली, मग पिवळट, मग जाड, आणि शेवटी भाकरीच्या परातीसारखी गुळगुळीत. तिला त्या बोटांनी सुई धरता येत नसे, नाणं खालून उचलता येत नसे. गॅसवरून चहाचं भांडं मात्र ती सांडशीशिवाय उतरवायची. आम्हा भावंडांना लहानपणी त्याचं कौतुक वाटायचं. आमची आई जादू करते असं आम्ही गल्लीत सांगायचो. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तिला अभिमान होता तो एकाच गोष्टीचा. माझा एक घाणा करपला न्हाई, असं ती म्हणायची. घाणा म्हणजे एका वेळी कढईत घातलेला माल. साडी, दागिना, पोरांचे मार्क, कशाचीही फुशारकी न मारणारी ही बाई एवढ्या एका गोष्टीवर मात्र नाक वर करून बोलायची. पावसाळ्यात हवेतला दमटपणा गुळात शिरतो, तेव्हा पाक फसवतो. तेव्हाही तिचा घाणा करपला नाही. मला ताप होता तेव्हाही नाही, आणि वडील वारले, दिवस झाल्यावर ती कामावर गेली, त्याही दिवशी नाही. मोठे शेठ गिऱ्हाइकांना तिच्याकडे बोट दाखवून सांगायचे की आमचं थर्मामीटर ते बघा तिथे बसलंय. गिऱ्हाईक हसायचं. आईलाही ते आवडायचं, हे मला फार खटकायचं.

माझं कॉलेज संपलं आणि कॉम्प्युटरचा कोर्स झाला तेव्हा मोठ्या शेठनीच मला बोलावलं. बिलं, पार्सलं, हजेरी असं काम. त्याच सुमारास धाकटे शेठ, म्हणजे त्यांचा मुलगा, शिक्षण संपवून धंद्यात आला आणि त्याला सगळं सिस्टीमनं व्हायला हवं होतं. मी नवी होते, मला पुढे जायचं होतं. हजेरीची वही बंद करून अंगठ्याचं मशीन बसवावं ही कल्पना माझी. त्याची नाही, कुणाचीच नाही, माझी. धाकटे शेठ खूश झाले. त्यांनी सगळ्यांना जमवून सांगितलं की आता मशीनवर ज्याची वर्षभर हजेरी पूर्ण भरेल त्याला कायम करणार. तोवर सगळ्या बायका रोजंदारीवरच होत्या, माझी आईसुद्धा.

कायम होणं म्हणजे दवाखान्याचं कार्ड मिळणं. आईचे गुडघे तेव्हा गेलेले होते, भट्टीसमोर उभं राहून राहून. तिनं त्या दिवशी घरी येऊन मला दोनदा विचारलं की कार्ड नक्की मिळतं ना. मी म्हणाले, नक्की. दुसऱ्या दिवशी ती धुतलेली साडी नेसून आली, जणू मशीन फोटो काढणार होतं.

बसवायला आलेल्या माणसानं एकेकीची बोटं टेकवून घेतली. बाकीच्या बायकांचीही बोटं काही फार चांगली नव्हती, पण कुणाचं तिसरं, कुणाचं करंगळीशेजारचं, असं करून एकेकीचं जमलं. आईची दहाही बोटं टेकवून झाली. उजव्या हातानं ती पाक बघायची आणि डाव्यानं चिक्कीच्या गरम लाद्या उलटवायची, त्यामुळे दोन्ही हात सारखेच. त्यानं ओल्या फडक्यानं पुसून बघितलं, लिंबू चोळायला लावलं, मशीनची काच साफ केली. मग मान वर न करता म्हणाला, "यांच्या बोटांवर काही नाहीच आहे."

आई हसली. तिला वाटलं असावं, बोटांवर घाण नाही असं तो म्हणतोय. मला मात्र शेजारच्या बायका बघत होत्या ते दिसत होतं, आणि माझी लाज वाटत होती. आईची नाही, माझी, कारण आणलेलं मशीन माझं आणि त्याला ओळखता न आलेली बाई माझी. मी धाकट्या शेठना विचारलं की एखाद्याचं बोट घेतलंच नाही तर काय करायचं. ते म्हणाले, नंतर बघू. त्या कारखान्यात नंतर बघू म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. मोठ्या शेठकडे गेले असते तर त्यांनी एका वाक्यात वहीवर सही घ्यायला सांगितलं असतं, असं आज वाटतं. पण मग मशीन बसल्याच्या पहिल्याच दिवशी वही परत निघाली असती, आणि ती माझ्या आईसाठी. ते माझ्या जिवावर आलं.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्या बाहेर गेल्या तेव्हा मी मशीनमध्ये आईचं नाव उघडलं आणि माझी डाव्या हाताची करंगळी टेकवली. मशीननं ती लगेच घेतली. माझी बोटं शाबूत होती. ती तशी राहावीत म्हणूनच तर तिनं मला कधी भट्टीजवळ उभं केलं नव्हतं.

आईला मी सांगितलं की झालं, घेतलं तुझं बोट, फक्त रोज सकाळी अंगठा टेकवत जा. ती टेकवायची. इतरांना मशीन थँक यू म्हणायचं. तिला म्हणायचं, प्लीज ट्राय अगेन. ती पदरानं काच पुसून आत निघून जायची, आणि ती गेली की मी केबिनमधून येऊन करंगळी टेकवायचे. मशीन केबिनच्या दाराशीच होतं, कुणाच्या लक्षात येण्याचं कारण नव्हतं. पहिले काही दिवस मी आधी दोन्हीकडे बघून घ्यायचे. मग सवय झाली. चहा घेणं, दिवा लावणं, आईची हजेरी लावणं.

वर्ष भरायला दीड-दोन महिने राहिले असतील, तेव्हा आंदर मावळातून मामाचा निरोप आला. त्याच्या नातीचं बारसं होतं. आईला जायचंच होतं. भाद्रपदातला पाऊस लागलेला, गाडी कधी यायची कधी नाही, त्यामुळे गेलं की दोन दिवस धरावेच लागायचे. ती मला म्हणाली की खाडा पडंल का. रोजंदारीवर सुट्टी नसते, आणि एक खाडा पडला तरी वर्षाची हजेरी अपुरी राहिली असती. मी म्हणाले, तू जा, मी बघते. कसं बघणार ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ती गेली. दोन्ही दिवस मी सकाळी दोन बोटं टेकवली, एक माझ्या नावावर, एक तिच्या.

ती नसताना पाक बघायला कढईवरचा गडी होता. बेगडेवाडीहून लोकलनं येणारा, चाळिशीतला, कामाला वाईट नाही. आईच्या शेजारी बरीच वर्षं कढया उतरवल्यामुळे त्यालाही थोडं कळायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पार्सलांच्या चिठ्ठ्या चिकटवायला आत गेले होते, म्हणून मी ते पाहिलं. त्यानं पाक बरोबर ओळखला. गॅस वेळेवर बंद केला. कढई मात्र जागेवरच राहू दिली आणि मोबाइलवर बोलत दाराशी गेला. नवी कढई होती ती, जाड बुडाची, धाकट्या शेठनी आणलेली. आच बंद केली म्हणजे तापणं थांबत नाही. जाड लोखंडात साठलेली धग कुठेतरी जायलाच हवी, ती पाकात जाते आणि पाक शिजतच राहतो. आई म्हणूनच नव्या कढईत पाक जरा कच्चा असतानाच उतरवून घ्यायची, उरलेलं कढई करते म्हणायची. तो परत आला तेव्हा वास बदललेला होता. मलाही आला तो वास. त्यानं इकडेतिकडे बघितलं, शेंगदाणे ओतले, ढवळलं आणि लाटायला दिलं. काळ्या गुळाची चिक्की, रंगावरून काहीच कळत नव्हतं. मी चिठ्ठ्या घेऊन केबिनमध्ये आले. माझं काय जातंय, असं मला वाटलं.

दिवाळीच्या तोंडावर तक्रार आली. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं भेट म्हणून वाटायला शेकडो खोके घेतले होते, आणि त्यातल्या कित्येकांत चिक्की कडू निघाली. माल परत आला. कंपनीनं पुढची मागणी दुसरीकडे दिली. खोक्यावर बनवल्याची तारीख असते. धाकटे शेठ ती तारीख घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, त्या दिवसाची हजेरी काढ.

मी काढली. दुसरं काय करणार होते. कागद छापून आला, त्यावर आईच्या नावासमोर हजेरीची खूण होती.

त्यांनी आईला आणि त्या गड्याला केबिनमध्ये बोलावलं. मोठे शेठही खुर्चीवर बसले होते, पण हल्ली ते फारसं बोलत नसत. धाकट्या शेठनी कागद टेबलावर ठेवला आणि विचारलं की या तारखेला पाक कोण बघत होतं. गड्यानं मिठाची गुळणी धरली. त्याला ती तारीख पक्की माहीत होती, हे त्याच्या मानेवरून कळत होतं. पण कागद त्याच्या बाजूनं बोलत असताना त्यानं कशाला बोलावं. कारखान्यातल्या बायकांना मावशी बारशाला गेली होती एवढं आठवलं असतं, पण कोणत्या तारखेला हे एवढ्या दिवसांनी कोण सांगणार. आणि त्यांना कुणी विचारलंही नाही.

धाकटे शेठ म्हणाले, "मावशी, मशीनमध्ये तुम्ही हजर आहात. पाक तुम्हीच बघता. मग हे कसं झालं?"

आईनं कागदाकडे बघितलं. तिला तारीख वाचता यायची. भाचीच्या मुलीच्या बारशाची तारीख तिला माहीत नाही असं कसं होईल. तिनं कागदावर स्वतःचं नाव शोधलं, त्यासमोरची खूण बघितली, आणि मग माझ्याकडे बघितलं. ती नजर रागाची नव्हती. एखादी गोष्ट मोजून घ्यावी तशी होती. तिला दोन गोष्टी सांगता येत होत्या. मी त्या दिवशी नव्हते असं म्हटलं असतं तर तिच्या नावावर बोट कुणी टेकवलं हा प्रश्न आला असता, आणि केबिनमध्ये बसणारी मी एकटीच होते. मला सगळ्यांसमोर हाकलून दिलं असतं, आणि लोणावळ्यात एका कारखान्यातून चोर म्हणून निघालेलीला दुसरा कुणी दारात उभी करत नाही.

मी बोलू शकले असते. कुणी माझं तोंड धरलं नव्हतं. मला वेळही होता, कारण आई लगेच बोलली नाही, ती माझ्यासाठी थांबली होती. हे मला तेव्हाही कळत होतं. मी कागदाच्या कडा सारख्या करत राहिले.

आई म्हणाली, "व्हय. माझ्याच हातनं करपला."

मोठ्या शेठनी तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. मला वाटलं, आता ते म्हणतील, शक्य नाही. सव्वीस वर्षं या बाईच्या बोटांवर त्यांनी दुकान चालवलं होतं. ते म्हणाले, "वय झालं मावशी तुमचं." आणि चष्मा पुसू लागले.

त्या आठवड्यात दांड्याचं थर्मामीटर आलं. तबकडीवर लाल रेघ, काटा रेघेला टेकला की कढई उतरवायची. गड्याला आईच्या जागी उभं केलं आणि आईला पॅकिंगला बसवलं. मी मनातून वाट बघत होते की आता चिक्की बिघडेल, गिऱ्हाइकं ओरडतील, तिला परत बोलावतील. तसं काही झालं नाही. चिक्की पहिल्यासारखीच झाली. जाड कढईची धग धरून रेघ जरा खाली ओढायची, हे आईनंच त्याला पहिल्या दिवशी सांगितलं, आणि मग तिची काही गरज उरली नाही. लोकांना वाटतं की अशा माणसावाचून काहीतरी अडतं. काही अडत नाही. हेच काटा असलेलं यंत्र वीस वर्षं आधी बाजारात मिळत होतं. आणलं नाही, कारण बाईची बोटं होती.

वर्ष भरलं आणि ती कायम झाली. तिला कार्ड मिळालं. मी ते लॅमिनेट करून दिलं.

त्या आधी, केबिनमधल्या त्या दिवशीच, संध्याकाळी आम्ही वलवणला घरी आलो तेव्हा मी तिच्यासमोर रडले. मी म्हणाले की उद्या मी धाकट्या शेठना खरं सांगते, तुझ्यावर आलेलं मी धुऊन काढते. ती तांदूळ निवडत होती. खडे तिला बोटांना लागत नसत, म्हणून ती ताट उजेडाकडे तिरकं धरून डोळ्यांनी निवडायची. तिनं निवडणं थांबवलं नाही.

"सांगायचं व्हतं तर तितं सांगायचं व्हतं," ती म्हणाली. "हितं मला सांगून काय?"

मी म्हणाले की मी तुझ्यासाठीच केलं होतं, तुझं बोट मशीन घेतच नव्हतं, तुला ते कळू नये म्हणून मी. तेव्हा तिनं ताट खाली ठेवलं.

"मला ठावं व्हतं. समद्यांना ते येक बोलतंय, मला दुसरंच. येवडी काय मी येडी न्हाई. म्या म्हनलं, पोरगी करतीया तर करू दे, मला बी कार्ड पायजे व्हतं." मग म्हणाली, "पर करपल्याला घाणा माझा नव्हता. तेवडं तू म्हनायचं व्हतंस. बाकी काय बी म्हनली नसतीस तरी चाललं असतं."

म्हणजे वर्षभर ती रोज सकाळी त्या काचेवर अंगठा टेकवत होती तो मला वाईट वाटू नये म्हणून. मी तिला फसवतेय असं मला वाटत होतं, आणि ती मला तसं वाटू देत होती. मला तिचा भयंकर राग आला. इतकं कळत होतं तर आधीच का बोलली नाहीस, असं मी ओरडून विचारलं. ती म्हणाली की भात टाकते, भूक लागली असंल. त्यानंतर या विषयावर आम्ही बोललो नाही. मी दुसऱ्या दिवशी धाकट्या शेठना काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. पुढे माझा पगार वाढला, केबिन मोठी झाली, हाताखाली दोन माणसं आली. मशीनही बदललं. आता ते चेहरा बघतं, आईचा चेहरा ते पहिल्या झटक्यात ओळखतं.

आई अजून कामावर येते. पॅकिंगच्या टेबलाशी नव्या बायका येत असतात, त्यांना ती शिकवते. भट्टीकडे कुणाची बदली झाली की तिला आधी आईकडे पाठवतात. यंदाच्या पावसाळ्यात मी केबिनचं दार उघडं टाकून बसले होते आणि ती एका नव्या बाईला समजावत होती. आच बंद केली म्हणजी झालं असं समजू नको, कढईत धग ऱ्हाती, असं सांगत होती. मग म्हणाली की माझ्या हातनं येक डाव करपलाय. गॅस बंद केला, कढई तितंच ठिवली आन बोलत दाराशी गेले. परत येऊन बघते तर वास सुटलेला. भ्याले आन तसंच दाणे वतले.

तिनं ते कधी पाहिलं नव्हतं. ती तेव्हा बारशाला गेली होती. गड्यानं तिला नंतर सांगितलं असेल, किंवा तिनं चिक्की चाखून ओळखलं असेल की चूक नेमकी कुठे झाली. पण ती इतकं बारीकसारीक सांगत होती, थांबत, आठवल्यासारखं करत, की मीसुद्धा क्षणभर तिला दाराशी उभी असलेली बघितली. तिच्या आवाजात लाज होती. करपवणाऱ्याला वाटते तशी, खरीखुरी.

ती नवी बाई दुपारी सहीसाठी माझ्याकडे आली. तिला पाक चांगला कळतो, पूर्वी दुसऱ्या कारखान्यात होती. कागद देताना तिनं आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम, मावशींनी खरंच करपवला होता का हो? त्यांच्याकडं बघून पटत नाही."

दार उघडं होतं. टेबलाशी आई खोक्यांवर पट्टी चिकटवत होती आणि तिचे हात थांबले होते.

मी म्हणाले, "हो. रेकॉर्डला आहे."